डोंगर हे आजोळ

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. नाव नॉर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली, तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. मी १९८० मध्ये तिथून जवळच्या एका गावात शाळेवर भूगोल शिकवायला आले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. वसाहतीतली माणसं हिवाळ्यात स्वेटरची गाठोडी घेऊन शहरोशहरी जात आणि पावसाळ्यात आमच्यासारखीच धानाच्या बांध्यांत वाकून रोवणी करत. तिथल्या एका म्हातारीशी माझी ओळख झाली ती तिच्या नातीमुळे. नात माझ्या वर्गात होती. तिबेटीत आजीला ‘मोला’ म्हणतात, म्हणून मीही मोलाच म्हणू लागले. मोला पश्चिम तिबेटची, ङारीची. कैलासाच्या दक्षिणेकडच्या माळांवर मेंढ्या आणि याक राखणाऱ्या घरातली. १९५९ नंतर देश सुटला तेव्हा ती विशीत होती.

निवृत्तीच्याच वर्षी कैलास-मानसरोवर यात्रेच्या सोडतीत माझं नाव निघालं. पुढे लिहिते आहे ते थोडं त्या यात्रेत कळलं, थोडं पुस्तकांत सापडलं आणि बरंचसं मोलाच्या ओट्यावर बसून शिकले.

१. उंची विचारण्याआधी नाव विचारावं

मी शाळेत डोंगर शिकवले ते उंचीने. शिखर, देश, मीटर असे तीन रकाने. मोलाच्या नातीला एकदा असाच गृहपाठ दिला होता. संध्याकाळी मी तिकडे गेले तर मोला वही उघडून बसलेली. “हे आकडे कशाचे?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आजोबाला कोणी मोजतं का, बाई?”

मला वाटलं, म्हातारीचं लाडिक बोलणं आहे. पुढे वाचत गेले तसं कळलं की ती अक्षरशः बोलत होती. ईशान्य तिबेटात, आम्दो प्रांतात, गोलोक लोकांच्या मुलखात आम्न्ये माचेन नावाचा पर्वत आहे. ‘आम्न्ये’ म्हणजे आजोबा, पूर्वज. आम्दोतल्या कितीतरी डोंगरांच्या नावाआधी हा शब्द लागतो. ह्वांग हो नदी, तिबेटी लोकांची माचू, या आजोबांना भला मोठा वळसा घालून पुढे जाते. बाहेरून आलेल्यांना मात्र त्याच्या उंचीनेच पछाडलं. १९४९ मध्ये लेनर्ड क्लार्क या अमेरिकन माणसाने हा पर्वत एव्हरेस्टहून उंच असल्याचं जाहीर केलं. नीट मोजणी झाली तेव्हा तो ६,२८२ मीटर भरला. दोन हजारांहून जास्त मीटरनी उतरला, आणि जगाचं त्याच्यावरचं लक्षही उतरलं. गोलोक लोकांच्या लेखी काहीच बदललं नाही. उंच असतो म्हणून कोणी आजोबा होत नाही.

खंडोबा, जोतिबा, म्हसोबा म्हणताना शेवटचा ‘बा’ आपल्या कानांना ऐकू येईनासा झाला आहे. मला तो मोलाच्या त्या प्रश्नानंतर पुन्हा ऐकू आला.

२. आपण खडकाच्या पोटचे

तिबेटी माणूस कुठून आला, याची गोष्ट मोलाने मला तीन-चार वेळा सांगितली, आणि दरवेळी सांगताना तिचा कल आईकडे असे.

चेनरेझिग म्हणजे अवलोकितेश्वर. त्याचा शिष्य असलेलं एक माकड यारलुंगच्या खोऱ्यात डोंगरातल्या गुहेत ध्यानाला बसलेलं. तिथे एक सिनमो आली, खडकातली राक्षसीण. म्हणाली, माझ्याशी लग्न कर. माकडाचं व्रत होतं, ते नाही म्हणालं. ती म्हणाली, तू नाही म्हणालास तर मी राक्षसाशी लग्न करीन, आमची पोरं रोज हजारो जीव खातील, ते पाप तुझ्या माथी. माकड गुरूला विचारायला गेलं. गुरू म्हणाला, कर लग्न. त्यांना सहा पिलं झाली. बापाने ती फळांच्या रानात सोडली. तीन वर्षांनी येऊन बघतो तर पाचशे झालेली आणि रानात एक फळ उरलेलं नाही. पुन्हा गुरूकडे धाव. त्याने मेरू पर्वतावरून धान्य आणून दिलं, जमिनीवर टाकलं, जव उगवला. तो दाणा खाता खाता पिलांच्या शेपट्या आखूड झाल्या, केस गळाले, त्यांना वाचा फुटली. तीच आजची माणसं. माकडबापाकडून त्यांना माया, श्रद्धा, सबुरी आली. आईकडून राग, हाव, हट्ट आणि अंगातलं बळ.

ही गोष्ट चौदाव्या शतकातल्या तिबेटी इतिहासग्रंथात आहे. ल्हासाच्या नॉर्बुलिंका उद्यानात १९५६ मध्ये पुरा झालेल्या राजवाड्याच्या भिंतींवर तिबेटचा इतिहास रंगवला आहे, त्याची सुरुवातही माकडापासूनच होते. ज्या डोंगरातल्या गुहेत हे घडलं तो गोंगपो री, आणि त्याच्या पायथ्याचं गाव त्सेतांग. नावाचा अर्थ खेळाचं मैदान. माकडाची पिलं तिथे खेळली म्हणून.

आता आपल्या रिवाजाने हिशेब लावा. बाप प्राणी, आई खडक. मग डोंगर कोण झाला? आईचं घर. मराठीत त्याला एकच शब्द आहे: आजोळ. मी हे मोलाला समजावून सांगितलं, आजोळ म्हणजे काय ते. तिला शब्द फार आवडला. नंतर तिच्या बोलण्यात तो येऊ लागला, झाडीपट्टीच्या हेलात, ‘आमचा आजोड’.

आजोळच्या माणसांशी आपण कसे वागतो? लाड करून घेतो, पण रिकाम्या हाती जात नाही. रागावले तर घाबरतो. त्यांच्या घरात काही नेम असतात, ते त्यांच्या घरात पाळावेच लागतात. तिबेटी माणसाचं डोंगराशी वागणं मला यापेक्षा चांगलं कोणत्याच शब्दांत सांगता आलेलं नाही.

३. खिंडीत आलं की आधी आरोळी

यात्रेत लिपुलेखची खिंड आम्ही पहाटेच्या अंधारात ओलांडली. पाच हजार मीटरच्या वर, श्वास पुरत नव्हता, बोटं बधिर. तिथे दगडांचा ढीग, त्यात खोचलेल्या काठ्या, काठ्यांना पताका. याला लाप्त्से म्हणतात. प्रत्येक खिंडीत असतो. येणारा एक दगड ठेवतो आणि ओरडतो, ‘ल्हा ग्यालो’, म्हणजे देवांचा जय. पलीकडे उभ्या असलेल्या तिबेटी घोडेवाल्यांपैकी एकाने ती आरोळी दिली आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या कष्टाने वर आलेला माणूस इथे स्वतःचा जय म्हणत नाही. ज्याच्या घरातून आपण चाललो आहोत त्याचा म्हणतो.

मीही दगड ठेवला. मोलाने दोन ठेवायला सांगितले होते.

४. वर जायचं नसतं, भोवती जायचं असतं

कैलासाला तिबेटीत कांग रिंपोछे म्हणतात, मौल्यवान हिमपर्वत. उंची ६,६३८ मीटर, म्हणजे हिमालयाच्या हिशेबात काही फार नाही. त्याच्या माथ्यावर आजवर एकही गिर्यारोहक गेलेला नाही. एक माणूस गेला असं मात्र तिबेटी लोक मानतात: साधू मिलारेपा. बोन धर्माचा नारो बोनचुंग आणि मिलारेपा यांच्यात पैज लागली की पौर्णिमेच्या दिवशी जो आधी माथ्यावर पोचेल, पर्वत त्याचा. नारो बोनचुंग पहाटेच आपल्या ढोलावर बसून उडत निघाला. मिलारेपा निजूनच होता. सूर्याचा पहिला किरण आला, त्यावर बसला आणि क्षणात माथ्यावर. नारोच्या हातून ढोल निसटला, तो गडगडत खाली आला. दक्षिणेच्या कड्यावर जी उभी चीर दिसते ती त्या ढोलाची.

या गोष्टीचा मला आवडणारा भाग त्यानंतरचा आहे. हरलेल्या नारोने विनवलं, निदान मला दिसत राहील असं काही दे. मिलारेपाने माथ्यावरचं मूठभर बर्फ उचलून पूर्वेकडच्या एका डोंगरावर फेकलं आणि तो डोंगर बोन लोकांना दिला. त्याला आजही बोनरी म्हणतात. आणि बोन लोक कैलासाला प्रदक्षिणाही घालतात, फक्त उलट्या दिशेने. वाटेत समोरून येणारा माणूस दिसला की तो बोनपो समजावा. माझ्यासमोर एक कुटुंब असं आलं, आजीपासून पाठीवरच्या पोरापर्यंत. बौद्ध यात्रेकरूंनी त्यांना वाट दिली, त्यांनी यांना दिली. हिंदूंचा शिव तिथेच आहे, जैनांचं अष्टापद तेच मानलं जातं. आजोळ एकच असलं तरी तिथे येणारी भाचरं वेगवेगळ्या घरची असतात.

प्रदक्षिणेला कोरा म्हणतात. साधारण ५२ किलोमीटर. आम्ही तीन दिवस घेतले. तिबेटी माणसं पहाटे निघतात आणि रात्री परततात, एका दिवसात. काही जण साष्टांग दंडवत घालत जातात: आडवं व्हायचं, हात पुरतील तिथे खूण, उठायचं, खुणेवर पाय ठेवून पुन्हा आडवं. त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. २०१४ हे तिबेटी पंचांगात घोड्याचं वर्ष होतं. त्या वर्षातला एक कोरा तेरांच्या बरोबरीचा मानतात, त्यामुळे वाट माणसांनी भरलेली. कातडी एप्रन बांधलेली एक तरुण मुलगी दंडवत घालत चाललेली. तिच्या कपाळाला मातीचा घट्टा पडला होता. ती उठली की हसायची आणि पुन्हा आडवी व्हायची. आडवं झालं की डोंगराची उंची दिसतच नाही, दिसते ती फक्त जमीन, नाकाला लागलेली.

ही वाट माणसाला दाखवली कोणी? तेराव्या शतकात गोत्सांगपा नावाचा साधू इथे आला. त्याला एक द्री दिसली. याक म्हणजे फक्त नर. मादीला द्री म्हणतात, आणि याकचं दूध म्हटलं की तिबेटी माणसं गडबडतात. ती द्री पुढे आणि हा मागे. चालत चालत ती उत्तरेकडच्या एका गुहेत शिरली आणि खडकावर शिंगांची खूण ठेवून नाहीशी झाली. तीच दिरापुक: द्री म्हणजे मादी याक, रा म्हणजे शिंग, फुक म्हणजे गुहा. पुढे त्याची वाट चुकली तेव्हा एकवीस लांडगे दिसले, तेही पुढे पुढे जात एकात एक मिसळले आणि शेवटी एका शिळेत शिरले. त्या एकवीस तारा होत्या. तारेला तिबेटीत द्रोल्मा म्हणतात, म्हणून ती खिंड द्रोल्मा ला, ५,६०० मीटरच्या वर. म्हणजे कोऱ्याची आख्खी वाट जनावरांनी आखून दिलेली आहे. त्र्यंबकेश्वरी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी मी दोनदा केली होती, पण पायाखालची ही वाट पहिल्यांदा कोणाच्या खुरांनी पडली असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

५. नाही म्हटलं की नाही

युनानच्या वायव्य टोकाला, तिबेटच्या सीमेवर, खावा कार्पो आहे. नावाचा अर्थ पांढरं हिम. ६,७४० मीटर. मेंढीच्या वर्षी तिबेटभरातून माणसं त्याच्या प्रदक्षिणेला येतात. मी तिथे गेलेले नाही, पण त्याची हकिकत मी निवृत्तीपर्यंत प्रत्येक दहावीच्या वर्गाला सांगत आले.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून गिर्यारोहकांच्या तुकड्या त्याच्यावर चढू बघत होत्या. गावकऱ्यांचा विरोध होता. जानेवारी १९९१ मध्ये जपानी आणि चिनी गिर्यारोहकांची एक तुकडी शिखराच्या बरीच जवळ पोचली. रात्री हिमकडा कोसळला आणि छावणीतले सतराही जण गेले. १९९८ मध्ये खाली मिंगयोंग हिमनदीतून त्यांचे अवशेष बाहेर येऊ लागले. त्याच हिमनदीच्या पाण्यावर मिंगयोंग गाव जगतं. पुढे २००१ मध्ये तिथल्या चढाईवर बंदी आली. खावा कार्पोवर आजही कोणी चढलेलं नाही.

डोंगराने सूड घेतला असं मी वर्गात कधी सांगितलं नाही. ती सतरा माणसं कोणाची तरी मुलं होती, आणि हिमकडा कोसळायला देवाचा राग लागत नाही. मला त्या गावाचं वाटतं. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्याच पाण्यात ते देह उतरले. नात्यातल्या माणसाचं न ऐकल्याचं ओझं बऱ्याचदा तिसऱ्याच्याच दारात येऊन पडतं.

ऐकणारेही असतात. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे ब्रिटिश कांचनजंगाच्या माथ्याखाली काही फुटांवर थांबले आणि परत फिरले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. ८,५८६ मीटरच्या शिखरापाशी पोचून शेवटची काही पावलं न टाकणं हे मला त्या चढाईतलं सर्वांत कठीण काम वाटतं. सिक्कीमने २००१ पासून आपल्या बाजूने कांचनजंगावर चढायला बंदी केली. भूतानने २००३ मध्ये गिर्यारोहणच बंद केलं. ७,५७० मीटरचा गांगखर पुएनसुम त्यामुळे आजही कोरा आहे.

६. मायेपेक्षा रेघ महत्त्वाची

तिबेटी माणसं निसर्गावर प्रेम करतात, असं आपण भाबडेपणाने म्हणतो. मोला प्रेम वगैरे कधी बोलली नाही. ती रेघ सांगायची. ‘इथून वर लाकूड तोडायचं नाही. इथून वर शिकार नाही. या झऱ्यात हात धुवायचे नाहीत.’ डोंगराला आणि खोऱ्याला असं मुद्रांकित करण्याला तिबेटीत री-ग्या लुंग-ग्या म्हणतात, ‘ग्या’ म्हणजे मोहोर. खावा कार्पोच्या परिसरातल्या गावांत डोंगरउतारावर अशी सीमा असते. तिच्या वर झाड तोडायचं नाही, खाली गरजेपुरतं चालतं. सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांच्या राजवटीत शिकारबंदीची फर्मानं निघाली, तो याच रिवाजाचा सरकारी भाग.

हे सगळं सोवळं नाही. पठारावर भाजी फारशी उगवत नाही, तिबेटी माणूस मांस खातो. मी शाकाहारी, मोलाशी यावर माझं बोलणं झालेलं आहे. ती म्हणाली, एक याक मारला तर एक जीव जातो आणि घर हिवाळाभर जेवतं. लहान जनावरं मारली तर तितक्या जेवणाला किती जीव? मारताना मंत्र म्हणतात, तरी पाप लागतंच, ते फिटत नाही असं ती स्वच्छ सांगायची. दुसरीकडे घरातल्या एखाद्या याकच्या कानाला रंगीत फीत बांधून त्याला सोडून देतात. त्याला त्सेथार म्हणतात. तो मग म्हातारा होऊन मरेपर्यंत कापला जात नाही. तिच्या माहेरी असा एक पांढरा याक होता, आणि साठ वर्षांनंतरही त्याच्या खोडी तिला पाठ होत्या.

नातं मानलं की हात स्वच्छ राहतात असं नाही. आपल्या हातांचा हिशेब ठेवावा लागतो, एवढंच.

७. जमीन हा देह आहे, आणि तो दुखतो

गोष्ट सांगतात की सातव्या शतकात स्रोंगत्सेन गाम्पो राजाच्या काळात तिबेटची भूमी ही उताणी पडलेली एक सिनमो आहे असं दिसलं, आणि तिचा देह स्थिर करण्यासाठी तिच्या खांद्यांवर, कंबरेवर, कोपरांवर, गुडघ्यांवर मंदिरं बांधली गेली. तिच्या हृदयाच्या जागी एक तळं होतं. बकऱ्यांच्या पाठीवरून माती आणून ते बुजवलं आणि त्यावर ल्हासाचं जोखांग उभं राहिलं. ल्हासाचं जुनं नाव रासा, म्हणजे बकऱ्यांची जागा, ते यावरूनच सांगतात.

ही गोष्ट ऐकताना मला बरं वाटत नाही. वंशाची पहिली आईही सिनमोच होती. तिच्याच अंगावर खिळे ठोकून लेकरं त्यावर राहू लागली, असा तिचा एक अर्थ होतो. पण तिबेटी परंपरेने ती दडवली नाही, हे मला मोलाचं वाटतं. त्यांनी मंदिरात तिचं हृदय कुठे आहे ते लक्षात ठेवलं.

आग्नेयेला, यारलुंग त्सांगपो नदी जिथे भारताकडे वळते, तो पेमाकोचा मुलूख. तिथे भूमी म्हणजे दोर्जे फाग्मो, वज्रवाराही देवीचा देह, आणि नदी तिची मुख्य नाडी. जुलै २०२५ मध्ये त्याच भागात चीनने जगातला सर्वांत मोठा ठरेल असा जलविद्युत प्रकल्प सुरू केला आहे. खाली तीच नदी अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. मी भूगोलाची शिक्षिका, वीज कशाला लागते ते मला माहीत आहे. आमच्याकडे इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकतं, ते मी खाल्लेलं आहे. तरी नाडीवर हात ठेवण्याआधी जी माणसं त्या देहाला आई म्हणत आली त्यांना विचारायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

८. पाण्यात उतरण्याआधी काठावर बसावं

मानसरोवर ४,५९० मीटरवर आहे. तिबेटी नाव मापाम युमत्सो. मी तिथे बुडी मारली, कारण लहानपणापासून तेच ऐकलं होतं. बाहेर येऊन साबणाची वडी काढली. थंडीने हात थरथरत होते, तरी अंगावरची धूळ काढायची होती. काठावर मोलाच्या वयाची एक तिबेटी बाई कॅन भरत होती. तिने मला काही म्हटलं नाही. कॅन भरला, ओंजळभर पाणी कपाळाला लावलं, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पायाजवळून फेस पाण्यावर पसरत होता. तिची नजर त्या फेसावर होती.

तिबेटी माणसं सरोवराला प्रदक्षिणा घालतात, पाणी पितात, घरी नेतात. त्यात अंग धूत नाहीत. पाण्यात लू राहतात, आपण नाग म्हणतो तसे. ते घाणीने आजारी पडतात आणि मग माणसांनाही आजार होतो, अंगावर फोड येतात, असं ते मानतात. साबणाच्या फेसाने सरोवर आणि माणूस दोघेही आजारी पडतात, हे समजायला खरं तर लू मानायचीही गरज नाही. ती वडी मी खिशात घालून भारतात परत आणली. झाल्या गोष्टीची त्याने भरपाई झाली नाही.

९. पताका विटू द्याव्यात

निळी आकाशाची, पांढरी वाऱ्याची, लाल अग्नीची, हिरवी पाण्याची, पिवळी पृथ्वीची. हा क्रम बदलत नाही. पताका झिजते, धागे निघतात, अक्षरं उडून जातात, ते तसंच व्हायला हवं असतं. वाऱ्याने ती वाचून संपवायची असतात. खिंडीतून सोडून आठवण म्हणून घरी आणू नयेत. आमच्या तुकडीतल्या दोघांनी आणल्या. घरी भिंतीवर त्या अजून नव्यासारख्या असतील.

१०. तिकडून येणाऱ्याला काय विचारायचं

निघण्याच्या आदल्या दिवशी मोलाने मला एक कापडी पुरचुंडी दिली होती. आत तिच्या वेणीचा तुकडा, अर्ध्या बोटाएवढा, पांढरा. दिरापुकहून द्रोल्मा ला चढताना शिवात्साल नावाची जागा लागते. तिथे माणसं आपलं काहीतरी सोडतात: अंगातला कपडा, केस, नख, कोणी रक्ताचा थेंब. जिवंतपणीच थोडं मरून घ्यायचं, म्हणजे पुढचं चढणं हलक्या अंगाने होतं. त्याच्या बरंच आधी, कोऱ्याच्या सुरुवातीला, तारबोछे नावाच्या जागेच्या वरच्या बाजूला, मृतदेह गिधाडांना देण्याची जागा आहे. लाकूड नाही, जमीन गोठलेली, आणि शेवटी उरलेला देह कोणाच्या तरी पोटात जावा ही इच्छा. मोला म्हणाली होती, “मला इथे जाळतील. एवढं तरी तिकडे राहू दे.”

शिवात्सालला कपड्यांचा खच पडला होता. टोप्या, मोजे, एक लहान मुलाचा स्वेटर. मी एका दगडाखाली वेणी ठेवली. मला वाटलं होतं मी रडेन. श्वासच इतका तुटत होता की रडायला जमलं नाही.

परत आल्यावर दोन दिवसांत मी वसाहतीत गेले. मानसरोवराच्या पाण्याची बाटली आणि सांगायची वाक्यं घेऊन. मोलाने वेणीचं विचारलंच नाही. माहेरून आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “बरा आहे ना तो?”

मी म्हटलं, हो, दर्शन छान झालं. तिला दर्शनाशी काही देणंघेणं नव्हतं. दिरापुकच्या ओढ्याला पाणी किती होतं? वाटेत द्री दिसल्या का, अंगाने कशा होत्या? दक्षिणेकडे बर्फ कुठवर उतरलं होतं? मी मोबाईल काढला. बहुतेक फोटोंत मी पुढे आणि कैलास मागे. तिने मला ओलांडून दोन बोटांनी मागचा डोंगर मोठा केला. उभ्या चिरेवर अंगठा फिरवला. “ही तशीच आहे.” मग खाली आली. कड्याच्या पायथ्याशी काळा खडक उघडा पडलेला होता. “इथं पांढरं असायचं,” ती म्हणाली. “उन्हाळ्यातसुद्धा.”

मी हवामानाबद्दल काही सांगू लागले. ती उठून गेली होती. चुलीतला निखारा खापरीत काढून तिने त्यावर शुक्पाची, म्हणजे जुनिपरची, वाळलेली पानं टाकली, सातूचं पीठ, चमचाभर लोणी. सांगचा, म्हणजे देवांना वाहायचा, तो धूर, देवदारासारख्या वासाचा, धानाच्या बांध्यांवरून उत्तरेला गेला की नाही ते सांगता येणार नाही, कारण ऑगस्टातली दमट हवा होती आणि तो अंगणातच घुटमळत होता. ती मात्र उत्तरेकडे तोंड करून बसली होती.

मोलाला जाऊन आता सात वर्षं झाली. २०२० पासून बंद असलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि यंदा पुन्हा घोड्याचं वर्ष आहे. मला सत्तर झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी अर्ज भरते आहे. परवा ती सामानाची यादी विचारायला आली होती. यादी दिली, आणि माझं एक काम सांगितलं. कोरा जिथून सुरू होतो त्या दारचेनहून दक्षिणेचा कडा दिसतो. उभी चीर ओळखायची, तिथून खाली यायचं, आणि काळा खडक कुठवर आला आहे ते बघून मला येऊन सांगायचं.